बदललेला संघ तोच संघ असतो का?

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग ही आइस हॉकीची स्पर्धा ऑक्टोबरात सुरू होते आणि स्टॅनली कपच्या अंतिम लढतीने जूनमध्ये संपते. मधल्या उन्हाळ्यात सामने नसतात, पण संघ सर्वाधिक बदलतात ते याच काळात. करार संपलेले खेळाडू दुसरीकडे जातात, खेळाडूंची अदलाबदल होते, नवे गोलरक्षक येतात. मग हंगाम तोंडावर आला की दोन प्रतिस्पर्धी संघ शेजारी ठेवून कोणी काय गमावले आणि काय कमावले याचा हिशेब मांडला जातो. या हिशेबात दोन गोष्टी न बोलता धरलेल्या असतात. एक, गेल्या वर्षीचा संघ आणि यंदाचा संघ हा एकच आहे. दोन, खेळाडूंच्या गुणांची बेरीज केली की संघाचे बळ कळते. अवयव म्हणजे भाग बदलल्यावर अवयवी, म्हणजे त्या भागांची बनलेली वस्तू, तोच राहतो का, आणि अवयवीचे गुण अवयवांच्या गुणांतूनच येतात का, हा भारतीय दर्शनांतला फार जुना वाद आहे. नैयायिक आणि बौद्ध त्यावर शतकानुशतके भांडले आहेत.

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील कॅल्गरी फ्लेम्स आणि एडमंटन ऑइलर्स या संघांवर हा वाद नीट तपासून पाहता येतो. दोन शहरांत सुमारे 300 किलोमीटरचे अंतर आणि वैर 1980 पासूनचे. 2021–22 च्या हंगामात कॅल्गरीने 111 गुणांसह आपला विभाग जिंकला, पण प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत एडमंटनने त्यांना 4–1 असे हरवले. त्या उन्हाळ्यात कॅल्गरीची घडीच मोडली. गोल आणि गोलला केलेले साहाय्य यांचा प्रत्येकी एक गुण धरला, तर जॉनी गॉड्रोचे त्या हंगामात 115 गुण होते. तो कोलंबसला गेला. 104 गुणांचा मॅथ्यू कचक दीर्घ करार करायला तयार नव्हता, म्हणून त्याला फ्लोरिडा पँथर्सकडे पाठवून कॅल्गरीने जोनाथन ह्युबर्डो आणि मॅकेन्झी वीगर यांना आणले. ह्युबर्डोचे गुणही नेमके 115. ऑगस्टमध्ये नाझेम काद्री आला. त्याने नुकताच कोलोरॅडोकडून स्टॅनली कप जिंकला होता. एडमंटनचे बदल त्या मानाने थोडे होते. त्यांतला मोठा म्हणजे गोलरक्षक जॅक कॅम्पबेल, 5 वर्षांसाठी 2 कोटी 50 लाख डॉलर.

कागदावर कॅल्गरीचा जमाखर्च जवळपास जुळत होता. प्रत्यक्षात 2022–23 मध्ये कॅल्गरी 93 गुणांवर थांबली आणि प्लेऑफला मुकली. ह्युबर्डो 115 वरून 55 वर आला. एडमंटनने 109 गुण मिळवले, पण त्यात कॅम्पबेलचा वाटा बेताचाच. त्याची जागा पहिलाच पूर्ण हंगाम खेळणाऱ्या स्टुअर्ट स्किनरने घेतली.

वैशेषिक दर्शनात वस्त्राचा रंग तंतूंच्या रंगातून येतो. पांढऱ्या तंतूंचे वस्त्र पांढरे, निळ्यांचे निळे. उन्हाळ्यातला हिशेब नकळत याच नियमावर चालतो: 115 गुणांचा तंतू काढला, 115 गुणांचा तंतू घातला, वस्त्राचा रंग तोच राहायला हवा. चूक इथेच होते, कारण 115 हा आकडा खेळाडूच्या अंगचा रंग नव्हे. तो सहकाऱ्यांबरोबर घडलेल्या खेळाचा निष्पन्न आकडा आहे. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ह्युबर्डोपेक्षाही एलियास लिंडहोमच्या खेळात सापडतो. गॉड्रो, लिंडहोम आणि कचक एकाच फळीत खेळत आणि 2021–22 मध्ये तिघांनीही 40 किंवा त्याहून अधिक गोल केले होते. लिंडहोमने संघ सोडला नाही. त्याचे शहर तेच, प्रशिक्षक तोच. तरी पुढच्या हंगामात त्याचे गोल 42 वरून 22 वर आले. म्हणजे जो तंतू जागचा हललाही नाही, त्याचाही रंग उतरला. जमाखर्चाच्या कोणत्याही यादीत लिंडहोमचे नाव येत नाही, कारण तो आलाही नव्हता आणि गेलाही नव्हता.

वैशेषिकांवर मात्र याचा ठपका ठेवता येणार नाही. वस्त्राच्या उत्पत्तीला तंतू पुरत नाहीत, तंतूंचा परस्परसंयोगही कारण लागतो, हे त्यांनी स्वच्छ मांडले आहे. संघाच्या बाबतीत हा संयोगच बहुमोल असतो, आणि तो ना विकत घेता येतो ना अदलाबदलीत मिळतो.

संघ हा निव्वळ संयोग असेल, तर संयोग मोडल्यावर उरते काय? बौद्धांचे उत्तर सरळ आहे: वेगळे असे काही उरत नाही, कारण आधीही नव्हते. मिलिंदप्रश्नात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाचा एकेक भाग दाखवून विचारतो की यांतला रथ कोणता. आस नव्हे, चाके नव्हेत, दांडी नव्हे. भागांच्या रचनेला दिलेले व्यवहारापुरते नाव म्हणजे रथ. त्याच ग्रंथात रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला आहे. पहिल्या प्रहरातली ज्योत शेवटच्या प्रहरात नसते, पण ती निराळीही म्हणता येत नाही, कारण एकीतून दुसरी पेटत गेलेली असते. बौद्धांना एकता मान्य नाही, संतती म्हणजे असा अखंड क्रम मान्य आहे.

एडमंटनच्या इतिहासाला हे उत्तर विलक्षण लागू पडते. 9 ऑगस्ट 1988 रोजी ऑइलर्सनी वेन ग्रेट्झकीला लॉस एंजेलिस किंग्जकडे सोपवले. त्याच्यासह त्यांनी 4 वेळा स्टॅनली कप जिंकला होता, चौथा तर त्याच वर्षीच्या मे महिन्यात. कॅनडाच्या संसदेतील नेल्सन रीस या सदस्याने सरकारने हा व्यवहार थांबवावा अशी मागणी केली. ती मागणी हास्यास्पद ठरवणे सोपे आहे, पण एक माणूस गेला तर तो संघ उरतोच का, ही तिच्यामागची भीती खरी होती. 1989 मध्ये ग्रेट्झकीच्या किंग्जनी ऑइलर्सना पहिल्याच फेरीत बाहेर काढले आणि कप कॅल्गरीने जिंकला. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1990 मध्ये, ऑइलर्सनी पाचवा कप जिंकला. ग्रेट्झकीच्या बदल्यात आलेला जिमी कार्सन तोवर डेट्रॉईटला गेलेला होता. त्याच्या मोबदल्यात आलेले अ‍ॅडम ग्रेव्ह्ज आणि जो मर्फी हे ग्रेट्झकीच्याच व्यवहारात मिळालेल्या मार्टिन जेलिनाच्या जोडीला खेळत होते. एका ज्योतीतून दुसरी आणि दुसरीतून तिसरी, असा हा क्रम व्यवहारांच्या नोंदींतून दाखवता येतो.

तरीही संततीचे उत्तर एका ठिकाणी अडखळते. प्लूटार्कने सांगितलेल्या थीसियसच्या जहाजाची फळी कुजली की बदलली जाई आणि हे जहाज तेच का, यावर तत्त्वज्ञ वाद घालत. 1655 मध्ये थॉमस हॉब्जने त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या जपून त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? हॉकीत हा प्रश्न पुस्तकाबाहेर आला. एप्रिल 2024 मध्ये ॲरिझोना कायोटीजचे खेळाडू आणि नव्या खेळाडूंच्या निवडीचे हक्क युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीला गेले, पण नाव, चिन्ह आणि विक्रम तिकडे गेले नाहीत. लीगने युटाचा संघ नवा मानला. फळ्या सगळ्या त्याच, संतती अखंड, आणि तरी संघ दुसरा. निव्वळ संतती एकतेला पुरत असती, तर असा निर्णय कोणालाच पटला नसता.

न्याय-वैशेषिकांची या बाबतीतली भूमिका वरवर पाहता सर्वांत कडक आहे. वस्त्राचा तुकडा कापला की जुने वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या तंतूंचे नवे वस्त्र निर्माण होते. या न्यायाने प्रत्येक उन्हाळ्यात प्रत्येक संघ मरतो. मग प्रेक्षकाला तो तोच का वाटतो? ‘हा तोच देवदत्त’ अशा ओळखीला नैयायिक प्रत्यभिज्ञा म्हणतात आणि तिला प्रमाण मानतात. बौद्ध तिला सादृश्यातून झालेला भ्रम समजतात. जैनांनी दोघांना एकत्र बसवले: पर्याय म्हणजे वस्तूच्या अवस्था उपजतात आणि लयाला जातात, द्रव्य टिकते, आणि सत् वस्तूत उत्पत्ती, नाश आणि ध्रुवता ही तिन्ही असतात. तीन मतांत जैन मत संघाला अधिक न्याय देते, पण संघात ध्रुव काय हे मात्र शोधावे लागते.

ते ध्रुव एकट्या संघात सापडत नाही. 1986 मध्ये एडमंटनच्या स्टीव्ह स्मिथचा पास आपल्याच गोलरक्षकाला लागून गोलमध्ये गेला आणि कॅल्गरीने सातवा सामना जिंकला. त्या सामन्यातला एकही खेळाडू आज खेळत नाही, तरी ही घटना दोन्ही शहरांची आहे: एकाचे शल्य, दुसऱ्याचा आनंद. असा हिशेब दोन्ही बाजूंनी मिळून ठेवलेला असतो आणि एक बाजू बदलली तरी दुसरी तिला तो हिशेब विसरू देत नाही. युटाला हे वारशाने मिळाले नाही, कारण ॲरिझोनाच्या जुन्या लढतींशी जोडणारे नाव मागे राहिले. संघाची एकता अशी नात्यात असते, आणि त्या नात्यात प्रतिस्पर्ध्याचा वाटा प्रेक्षकांइतकाच मोठा आहे.

यावरून हंगामापूर्वीच्या तुलनेचे स्वरूपही ठरते. आलेल्या-गेलेल्यांची यादी लागतेच, पण तिच्याआधी कोणते संयोग तुटले आणि राहिलेल्यांपैकी कोण त्यावर उभा होता, हे विचारायला हवे. 2022 मध्ये कॅल्गरीबद्दल हा प्रश्न विचारला असता, तर गॉड्रोच्या जागी कोण, यापेक्षा लिंडहोमचे काय, ही चिंता आधी समोर आली असती. 2024 च्या अंतिम लढतीत कचकच्या फ्लोरिडाने एडमंटनला सात सामन्यांत हरवले आणि 2025 मध्ये पुन्हा हरवले. खेळाडूंच्या यादीवरून मोजले, तर त्या विजयांत कॅल्गरीचा एक अवयव सामील होता. दोन शहरांच्या हिशेबात मात्र ते विजय फ्लोरिडाचेच, कॅल्गरीच्या खात्यावर त्यांतले काहीही जमा होत नाही.