भावनेची ओळख आणि उत्तराची जबाबदारी

१

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे समुद्रकाठाने जाणारा रस्ता आरे-वारे येथे डोंगराच्या कडेने उतरू लागतो, तेव्हा खाली दोन पुळणी एकाच दृष्टिक्षेपात येतात. हा जोडकिनारा आता पर्यटकांच्या परिचयाचा झाला आहे. पावसाळ्यातील त्याचा समुद्र मात्र त्यांच्या परिचयाचा नसतो. येथे माणसे बुडाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. अशा दिवसांत कंबरभर पाण्यात शिरलेल्या परक्या माणसावर काठावरचा एखादा ग्रामस्थ ओरडतो, असा प्रसंग कल्पनेपुढे आणावा. आवाज चढलेला, भुवया आवळलेल्या, हात उगारल्यासारखे. ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ गळून पडलेले, बोलणे एकदम एकेरीवर आलेले. पाण्यातील माणसाला त्यात राग दिसतो. कदाचित मालकी आणि पाहुण्याविषयीचा तिटकाराही. ओरडणाऱ्याच्या बाजूने पाहता तो भयाने ओरडत असतो, आणि ते भय स्वतःसाठी नसते.

या प्रसंगात दोघांची भाषा बहुधा एकच, मराठी असते. तरीही भावनेची ओळख चुकते. संस्कृतिभेद हा दूरच्या बेटांवर गेल्यावरच सुरू होतो, हा समज येथे प्रथम बाजूला ठेवावा लागतो. शिवाय येथील चूक केवळ ज्ञानाच्या क्षेत्रातील राहत नाही. तिची किंमत प्राणाने मोजावी लागू शकते. दुसऱ्याची भावना ओळखणे म्हणजे नेमके काय करणे, आणि त्या ओळखीतून माणसावर कोणते दायित्व येते, हा प्रश्न म्हणूनच सौंदर्यशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे.

२

या प्रश्नाचे आधुनिक उत्तर देण्याचा पहिला मोठा प्रयत्न चार्ल्स डार्विनने १८७२ मध्ये केला. निरनिराळ्या खंडांतील वार्ताहरांना प्रश्नावली पाठवून त्याने माणसांच्या मुद्रांविषयी माहिती जमवली आणि अभिव्यक्तीचे मूळ रूप मानवजातीत समान आहे असा निष्कर्ष काढला. पॉल एकमन याने १९६० नंतरच्या दशकांत ही भूमिका अधिक ताठर केली. न्यू गिनीतील फोरे लोकांना छायाचित्रे दाखवून राग, भय, शोक, आनंद, किळस आणि आश्चर्य यांच्या मुद्रा सर्वत्र ओळखल्या जातात असे त्याने मांडले.

या प्रयोगाची रीत त्याच्या निष्कर्षाइतकीच बोलकी आहे. फोरे लोकांना नुसता चेहरा दाखवून भावनेचे नाव विचारले गेले नाही. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांना आधी एक लहानशी गोष्ट सांगण्यात आली, उदाहरणार्थ मूल दगावल्याची, आणि मग त्या गोष्टीतील माणसाचा चेहरा निवडण्यास सांगितले गेले. चेहरा स्वयंपूर्ण आहे हे सिद्ध करायला निघालेल्या प्रयोगालाच कथेची मदत घ्यावी लागली. एवढे करूनही भयाचा आणि आश्चर्याचा चेहरा त्यांना एकमेकांपासून वेगळा करता आला नाही. पुढे २०१६ मध्ये ट्रोब्रियंड बेटांवरील एका अभ्यासात, पाश्चात्त्यांनी ज्याला भयाचा चेहरा मानले तोच तेथील लोकांनी धाक घालणाऱ्याचा चेहरा म्हणून ओळखला. आरे-वारे येथील पाण्यात उभ्या असलेल्या माणसाची चूकही याच जातीची आहे: भय आणि धाक यांची अदलाबदल.

पण म्हणून प्रत्येक संस्कृतीचे भावविश्व बंदिस्त असते, असे म्हणणेही टिकत नाही. अहल्या हेजमाडी, रिचर्ड डेव्हिडसन आणि पॉल रोझिन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नाट्यशास्त्राच्या आधाराने केलेले अभिनय भारतीय आणि अमेरिकन अशा दोन्ही प्रेक्षकांना दाखवले. निव्वळ योगायोगाने जमेल त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात दोन्ही गटांनी भाव ओळखले, आणि त्यांत लज्जेसारखा भावही होता. तेव्हा ओळख शक्य आहे. ती कशाच्या आधाराने शक्य होते, एवढाच प्रश्न उरतो.

३

भरताने हा प्रश्न वेगळ्या हेतूने, पण फार नेमकेपणाने हाताळला आहे. त्याच्या रससूत्रात अनुभाव एकटा नाही. विभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाशिवाय त्याला अर्थ नाही. सात्त्विक भावांचे विवेचन या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. अश्रूंची कारणे सांगताना भरत आनंद, अमर्ष, भय आणि शोक यांच्या शेजारी धूर, अंजन आणि जांभई यांनाही बसवतो. स्वरभेदाच्या कारणांत भय, हर्ष आणि क्रोध एकत्र येतात. म्हणजे फुटलेला, चढलेला आवाज भयाचाही असू शकतो आणि क्रोधाचाही. आवाजात तो निवाडा नाही. निवाडा विभावात आहे. काठावरचा माणूस कशाकडे पाहून ओरडतो आहे, हे पाहिल्याखेरीज त्याच्या ओरडण्याचा अर्थ लागत नाही. पाण्यातील माणूस ओरडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. त्याने पाहायला हवे असते ते आपल्या पाठीमागे.

भरताला प्रादेशिक भेदाचे भानही होते. आवंती, दाक्षिणात्या, पांचालमध्यमा आणि औड्रमागधी अशा प्रवृत्ती सांगताना वेष, भाषा आणि आचार देशपरत्वे बदलतात हे त्याने गृहीत धरले आहे. अभिनवगुप्ताने ‘सहृदय’ ही संकल्पना मांडली तेव्हा सहृदयतेला त्याने काव्याच्या अनुशीलनाशी, मनाचा आरसा अभ्यासाने स्वच्छ होण्याशी जोडले. तीही जन्मजात देणगी नव्हे, मिळवावी लागणारी पात्रता आहे. संस्कृत काव्यशास्त्र सार्वत्रिकतावादी होते की सापेक्षतावादी, हा वाद म्हणूनच फारसा फलदायी ठरत नाही. भाव सर्वांत आहेत, पण ते ओळखण्याची पात्रता शिकूनच येते, अशी ही मधली आणि अधिक अवघड भूमिका आहे.

तथापि रसव्यवस्थेची एक मर्यादा येथे स्पष्ट करायला हवी. साधारणीकरणामुळे प्रेक्षक ‘माझे’ आणि ‘परक्याचे’ या भेदातून सुटतो. त्याबरोबरच तो कृतीच्या बंधनातूनही सुटतो. रंगमंचावरील भयानकाचा आस्वाद घेणाऱ्याला उठून कोणाला वाचवायचे नसते. किनाऱ्यावर ही सवलत नाही. तेथे भाव ओळखणे ही आस्वादाची परिणती नसून एखाद्या कृतीचा आरंभ असतो.

४

मराठीतील ‘रुसवा’ या शब्दाने ही गोष्ट अधिक उघड होते. रुसवा म्हणजे राग नव्हे आणि दुःखही नव्हे. रुसणारा माणूस आपली भावना लपवतो, पण ती ओळखली जावी अशा रीतीने लपवतो. आणि रुसता येते ते आपल्याच माणसावर. परक्याशी भांडण होते, त्याच्यावर रुसता येत नाही. रुसव्याला मनधरणीची जोड नसेल तर तो रुसवा राहत नाही. त्याचा अबोला होतो, अबोल्याची अढी होते. थोडक्यात, ही भावना पुरती एका मनात नसतेच. समोरच्याच्या उत्तरावर तिचे पुढचे रूप ठरते. रुसवा ओळखला, पण मनधरणी केली नाही, असे म्हणणारा माणूस वास्तविक तो ओळखण्यातच कमी पडलेला असतो.

कॅथरिन लुट्झ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इफालुक बेटावरील ज्या भावनाशब्दांची चिकित्सा केली, ते याच दिशेने जातात. तेथे रीत मोडणाऱ्यावरच्या न्याय्य रागाला स्वतंत्र शब्द आहे, आणि तो राग समोरच्याच्या मनात एका विशिष्ट प्रकारच्या भयाची अपेक्षा करतो. त्या भयाने रागाला उत्तर मिळते आणि प्रसंग पुरा होतो. प्रेम, करुणा आणि खिन्नता यांना एकत्र सामावणारा ‘फागो’ हा त्यांचा दुसरा शब्द मराठी वाचकाला ‘माया’ या शब्दाच्या जवळचा वाटेल. दोन्ही शब्दांत ज्याची काळजी वाहायची असा कोणीतरी गृहीत धरलेला असतो. दोन संस्कृतींमधील हे साम्य चेहऱ्याच्या स्नायूंचे नाही. भावना ही दुसऱ्याला उद्देशून केलेली मागणी असते, या तिच्या घडणीचे ते साम्य आहे.

एकेरी संबोधनाचेही असेच आहे. मराठी माणूस देवाला एकेरीत हाक मारतो, आईला मारतो, आणि ज्याला तो खालचा लेखतो त्यालाही. एकेरी या व्याकरणरूपात जवळीक आणि अवमान शेजारी राहतात. काठावरून आलेली एकेरी हाक त्यांपैकी कोणती, हे व्याकरण सांगणार नाही.

५

आरे-वारेच्या परिसराला, म्हणजे रत्नागिरीला, मराठी साहित्याने एक सर्वपरिचित व्यक्तिचित्र दिले आहे. पु. ल. देशपांडे यांचा अंतू बर्वा ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) या संग्रहातला. त्याचे बोलणे तिरकस, उपरोधिक. कोणाचे धड कौतुक म्हणून तो करत नाही. पत्नीच्या मृत्यूविषयी बोलताना मात्र तो दारच्या आंब्याविषयी बोलतो. येथे शोकाचा अनुभाव शरीरावर नाही. तो झाडाकडे सरकला आहे. हा शोक ओळखण्यासाठी वाचकाला आधी त्या बोलण्याचे वळण शिकावे लागते, आणि व्यक्तिचित्राची लांबी हा त्या शिक्षणाचा काळ आहे. विनोदावर हसत हसत वाचक ज्या जागी पोहोचतो, तेथे त्याचे हसणे त्यालाच अपुरे वाटू लागते.

परंतु याच यशाने एक धोकाही निर्माण केला. बाहेरून काटेरी आणि आतून गोड अशी फणसाची उपमा कोकणी माणसाला इतकी चिकटली, की त्याच्या प्रत्येक कठोर शब्दाखाली गरा असणारच असे शहरी वाचकाने धरून ठेवले. वास्तविक रत्नागिरीच्या आळीतील ब्राह्मण म्हातारा, खाडीवरचा मच्छीमार आणि डोंगरउतारावरचा कुणबी यांच्या बोलण्याची वळणे एक नाहीत. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की या उपमेने कोकणी माणसाचा रागावण्याचा अधिकारच काढून घेतला. किनाऱ्यावर काचा आणि कचरा टाकून जाणाऱ्यावर ग्रामस्थ ओरडतो तेव्हा तो खरोखरच रागावलेला असू शकतो, आणि त्या रागाला कारण असते. त्यातही ‘आतली माया’ शोधणारा पाहुणा त्याचा अपमानच करत असतो. मायेला राग समजणे ही एक चूक. रागाला माया समजून निर्धास्त होणे ही दुसरी. पहिलीत परक्याविषयीचा संशय आहे, दुसरीत त्याच्याविषयीचे लाडिक कौतुक. दोहोंतही समोरच्या माणसाला विचारण्याची गरज वाटलेली नसते.

साहित्यसमीक्षेला यातून काही घेण्यासारखे आहे. परक्या संस्कृतीतील कृतीचा भाव ‘पोचला’ असे म्हणताना समीक्षक बहुधा आपल्या शब्दकोशातील एक नाव त्या भावाला देऊन मोकळा होतो. नाव देणे आवश्यकच आहे. पण ते ओळखीचे पहिले पाऊल आहे. या कृतीने कोणाला उद्देशून काय मागितले, आणि वाचक त्या मागणीच्या कक्षेत येतो की नाही, हे विचारल्याशिवाय ती ओळख पुरी होत नाही. सहृदयतेची कसोटी डोळ्यांत पाणी येण्यावर लावता येणार नाही. भरताच्या यादीप्रमाणे ते धुरानेही येते.

आरे-वारेच्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला काठावरच्या आवाजाचे नाव ठाऊक असणे आवश्यक नाही. तो राग की भय, हे त्याला नंतर काठावर बसून विचारता येईल. त्यासाठी आधी पाण्याबाहेर यावे लागते.