सुखरूप परतीचा फसवा धडा

समुद्री कयाक ही एका माणसाला पाय पसरून बसता येईल एवढीच, साधारण पाच मीटर लांबीची आणि जेमतेम दोन फूट रुंदीची होडी असून ती दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवली जाते. ग्रीनलंडच्या इन्युइट शिकाऱ्यांनी लाकडी सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती घडवली. उलटलेल्या होडीतून बाहेर न पडता वल्ह्याचा दाब आणि कमरेचा झटका यांच्या मेळाने ती पुन्हा सरळ करण्याच्या क्रियेला आज ‘रोल’ म्हणतात; गोठणबिंदूजवळच्या पाण्यात वावरणाऱ्या त्या शिकाऱ्यांसाठी ती जगण्याची गरज होती. आधुनिक नवशिकाही साहजिकच याच क्रियेच्या मागे लागतो, आणि ती साधली की समुद्र आपल्याला जमला असे मानू लागतो.

या समजुतीची तपासणी व्हायला हवी, कारण हाताचे कौशल्य आणि निर्णयाची पारख या दोन गोष्टी निरनिराळ्या रीतीने शिकल्या जातात. वल्हे चुकीच्या कोनात पडले तर होडी लगेच कलते आणि चूक जागच्या जागी कळते. परंतु वाऱ्याचा अंदाज न घेता निघालेला माणूस दहांपैकी नऊ वेळा काहीही न घडता परत येतो आणि प्रत्येक परतीबरोबर त्याचा चुकीचा निर्णय त्याला अधिकच बरोबर वाटू लागतो. समुद्र चुकीबद्दल शिक्षा क्वचितच करतो, हीच त्याच्या शिकवणीतील सर्वांत मोठी अडचण आहे.

केवळ कौशल्य किती दूर नेते याचे उदाहरण जिनो वॉटकिन्स या तरुण ब्रिटिश शोधप्रवाशाच्या चरित्रात सापडते. 1930-31 च्या ग्रीनलंड मोहिमेत त्याने स्थानिक शिकाऱ्यांकडून कयाक आणि रोल शिकून घेतले व त्यांत तो निष्णात झाला. तरीही ऑगस्ट 1932 मध्ये पूर्व ग्रीनलंडच्या एका फ्योर्डमध्ये, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या खोल खाडीत, तो एकटाच सीलच्या शिकारीला गेला असता त्याची होडी रिकामी सापडली. तो 25 वर्षांचा होता. नेमके काय घडले ते कधीच कळले नाही, पण मदतीला दुसरी होडी नव्हती एवढे निश्चित आहे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम उपसागरात 22 मार्च 1993 रोजी घडलेली दुर्घटना याहून अधिक विचार करायला लावते. आठ विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक लाइम रेजिसहून जवळच्याच चारमाउथकडे निघाले. शिक्षकांची होडी वारंवार उलटू लागली, एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी अडकला आणि उरलेला गट वाऱ्याबरोबर खोल समुद्राकडे वाहत गेला. थंड पाण्यात कित्येक तास काढावे लागल्यामुळे चार मुले दगावली. सहल चालवणाऱ्या केंद्राच्या सुरक्षिततेबद्दल तेथील प्रशिक्षकांनी आदल्याच वर्षी लेखी इशारा दिला होता. पुढे कंपनी आणि तिचा संचालक सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरले आणि 1995 मध्ये अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा ब्रिटनमध्ये झाला.

त्या दिवशी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता, आणि या वाऱ्याची फसवणूक नवशिक्याने नीट समजून घ्यायला हवी. लाटा वाढायला वाऱ्याला मोकळ्या पाण्याचे अंतर लागते. किनाऱ्यालगत ते अंतर नसते, शिवाय कड्यांचा आडोसा असतो, म्हणून वाळूवर उभ्या असलेल्या माणसाला पाणी शांत दिसते. होडी जसजशी बाहेर सरकते तसतसा वारा आणि लाटा दोन्ही वाढतात, आणि परतताना तोच वारा तोंडावर घ्यावा लागतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पहाटे वाहणारे मतलई वारे याच जातीचे आहेत, आणि हौशी मंडळी नेमकी सकाळीच पाण्यात उतरतात.

भरती-ओहोटीचेही तसेच आहे. सहा तासांच्या ओहोटीत पाणी समान गतीने उतरत नाही: पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक असा ढोबळ हिशेब नाविक मांडतात. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी बाहेर पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर ही ओढ खाडीच्या तोंडाशी वल्ह्याला दाद देत नाही, आणि समोरून वारा असेल तर तिथे लाटा उभ्या राहतात.

पारख वाढवायची तर परतीच्या सुखरूपतेला पुरावा मानणे सोडावे लागते. निघण्यापूर्वी वारा कुठून व किती येईल, पाणी केव्हा फिरेल, कोणत्या खुणेपाशी मागे वळायचे हे लिहून ठेवावे आणि परतल्यावर ते प्रत्यक्षाशी ताडून पाहावे. अंदाज चुकूनही सहल छान झाली असेल तर तीच सहल सर्वांत बारकाईने तपासावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय दिसत नाही. कोकणातील मच्छीमार समाजाने पावसाचा जोर ओसरल्यावर समुद्रात उतरण्याची वेळ एकेकाच्या हिमतीवर न सोडता नारळी पौर्णिमेशी बांधली, यात पिढ्यांचा अनुभव साठलेला आहे. नवशिक्याने आपली पारख तयार होईपर्यंत अशा सामूहिक शहाणपणाचा आधार घेण्यात कमीपणा मानू नये.

म्हणून कयाक शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाला एवढीच विनंती आहे, की पहिला हंगाम सोबतीने आणि आडोशाच्या पाण्यात काढावा, रोलइतकाच सराव दुसऱ्याला पाण्यातून होडीत घेण्याचा करावा, आणि परतीची वेळ किनाऱ्यावरच्या एका जबाबदार माणसाला सांगितल्याशिवाय होडी पाण्यात लोटू नये.