दारावरचा पहारेकरी

॥ श्री गुरुदेव प्रसन्न ॥



आज माझ्याच एका चुकीबद्दल लिहिते आहे. तुम्हाला उपयोगी पडेल असं वाटतं.

आपल्या इंदूर केंद्राच्या ई-मेलची सेवा गेली चार वर्षं माझ्याकडे आहे. सकाळची पूजा आटोपली की चहा घेता घेता मेल उघडायचे. कुणाला पारायणाची तारीख हवी असते, कुणाला प्रसादाची पावती. देवासच्या एक काकू मात्र रोज पाच-सहा मेल पाठवायच्या. फुलांचे फोटो, सुविचार, गुडघेदुखीवरचे उपाय. एक दिवस वैतागून मी त्यांच्या एका मेलवर ‘स्पॅम’चं बटण दाबलं. दुसऱ्या दिवसापासून काकू दिसेनाशा झाल्या. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

दोन महिन्यांनी रेल्वेच्या तिकिटाचा मेल सापडेना, म्हणून स्पॅमचा कप्पा उघडला. लॉटरी, कर्ज, वजन कमी करायच्या गोळ्या, आणि त्या गर्दीत काकूंचा २६ दिवसांपूर्वीचा मेल. काकांचं ऑपरेशन इंदूरला होतं. मुलगा परदेशात. त्या दिवशी तासभर कुणी माझ्याजवळ बसायला येईल का, एवढंच विचारलं होतं. गटात सगळ्यांसमोर लिहायला संकोच वाटतो, असंही लिहिलं होतं. हॉस्पिटल आपल्या केंद्रापासून चालत दहा मिनिटांवर. आमच्या मेलमध्ये स्पॅमचा कप्पा ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो. आणखी चार दिवसांनी मला हे कधी कळलंच नसतं.

मुलगा म्हणाला, “आई, ते मशीन करतं. तुझी काय चूक?” तेव्हा मी नीट समजून घेतलं की हे मशीन करतं तरी काय.

नको असलेल्या मेलची कटकट जुनीच आहे. ३ मे १९७८ ला अमेरिकेत एका कंपनीच्या माणसाने आपल्या कॉम्प्युटरची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. तो पहिला स्पॅम मानतात. आता मेलच्या सोयीतच पहारेकरी बसवलेला असतो. मेल ज्याच्या नावाने आला त्याच्याकडूनच आला का, हे तो तपासतो. शब्दांचा हिशोब ठेवतो, म्हणजे कुठला शब्द नकोशा मेलमध्ये किती वेळा येतो आणि हव्या मेलमध्ये किती वेळा. या हिशोबामागचं गणित थॉमस बेझ नावाच्या इंग्लंडमधल्या एका धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखतात. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली छापला गेला. आणि तिसरं म्हणजे, आपण कुठलं बटण दाबतो ते तो लक्षात ठेवतो. काकूंना दाराबाहेर मशीनने उभं केलं नव्हतं. मी तसं सांगितलं होतं, त्याने ऐकलं.

असा पहारा मुळात ठेवावाच का? ठेवावाच. सीतामाईंच्या दारी रावण भिक्षेकऱ्याच्या वेषात आला होता. आजचा रावण ‘तुमचं खातं बंद होणार, लगेच केवायसी करा’ म्हणत येतो. आपल्या घरातल्या किती आजी-आजोबांना या एका मेलने रात्रभर झोप लागत नाही! दार सताड उघडं टाकणं म्हणजे भक्ती नव्हे.

पण दुसरी चूकही आपल्याकडे सांगितलेली आहे. वैकुंठाच्या दारावर जय-विजय उभे होते. सनकादिक आले ते लहान मुलांसारखे दिसणारे, अंगावर वस्त्र नाही. द्वारपालांनी रूप पाहिलं आणि अडवलं. पुढचा शाप सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र भागवतातला त्यानंतरचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. भगवंत स्वतः बाहेर येतात आणि सेवकांचा अपराध तो आपलाच, असं म्हणून ऋषींसमोर नम्र होतात. ‘ते द्वारपालांनी केलं, मला काय माहीत’ असं म्हणत नाहीत.

इथे मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. काम दुसऱ्याकडे सोपवता येतं, जबाबदारी नाही. नोकरावर सोपवा, सुनेवर सोपवा की मशीनवर सोपवा. दार माझं आहे, तर बाहेर कोण ताटकळलं ते बघणं माझंच.

आणखी एक गोष्ट टोचली. असंच बटण मनातही असतं. घरात सासूबाई तेच तेच बोलतात, नणंद सारखी तक्रार करते, शेजारीण फोन ठेवतच नाही. आपण एकदा ‘यांचं नेहमीचंच’ असं ठरवतो आणि पुढचं काही कानावर येतच नाही. शंभर वेळा नेहमीचंच असतं. एकशे एकाव्या वेळी ते माणूस खरंच बुडत असतं, आणि आवाज तोच असतो. गुरुदेव विवेक म्हणतात तो हाच असावा. दर वेळी नव्याने ऐकायचं. बोलणं नको असेल तर बोलणं बाजूला ठेवायचं, माणूस नाही.

त्या दिवशी मी काकूंना फोन केला. काका आता बरे आहेत. मी माफी मागितली. काकू म्हणाल्या, “राग नाही गं आला. एकटं वाटलं फक्त.” त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता दर गुरुवारी आरतीनंतर मी स्पॅमचा कप्पा बघते. पाच मिनिटं पुरतात. तुम्हीही बघा. फक्त पाठवणाऱ्याचं नाव आणि विषय वाचायचा, आतल्या कुठल्याही लिंकला हात लावायचा नाही, ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. ओळखीचं माणूस दिसलं तर ‘स्पॅम नाही’ दाबून त्यांचा पत्ता आपल्या संपर्कात घालायचा. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करायचा.

आणि या गुरुवारी घरी जेवताना एकमेकांना एवढंच विचारा, आपण कुणाचं ऐकणं बंद केलंय?

काकूंचे फुलांचे फोटो पुन्हा येऊ लागले आहेत. रोज सहा. मी सगळे उघडते.

॥ जय गुरुदेव ॥

– एक सेवेकरी भगिनी, इंदूर केंद्र