अंडे न देणाऱ्या कोंबडीचे देणे

पौष लागला की सातपुड्यावर थंडी आपला अंमल बसविते. तोरणमाळ, डाब अशा उंचावरील गावी थंडीची लाट आली म्हणजे पहाटे गवतावरचे दव गोठून पांढरे होते. काश्मिरासारखे हिम आमच्या नंदुरबार जिल्ह्यात पडत नाही. तरी कुडाच्या घरात निजणाऱ्यांस ही थंडी थोडी नव्हे. अशाच एका पहाटे धडगावाकडील एका पाड्यावर आम्ही मुक्कामास असता घरधन्याने आम्हांस विचारले, "पाळकसाहेब, महिना झाला, कोंबड्या अंडे देत नाहीत, दाणे मात्र रोज मागतात. जी देत नाही तिला का द्यावे?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, असे आम्हांस वाटले.

प्रथम आरोप खरा आहे काय, हे पाहू. कोंबडीचे अंडे उजेडावर अवलंबून असते. दिवस सुमारे १४ तासांचा असला म्हणजे ती चांगली अंडी देते. आमच्या भागात डिसेंबरात दिवस पावणेअकरा तासांचाच असतो. शिवाय तिच्या अंगाची ऊब सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते, आणि कडाक्याच्या रात्री ती टिकविण्यात बरेचसे खाणे खर्ची पडते. म्हणजे जे दाणे वाया गेले असे आपण म्हणतो, त्यांवर ती रात्रभर जिवंत राहिलेली असते. ती आळशी झालेली नाही, दिवस लहान झाला आहे. ऋतूचा दोष प्राण्याच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे.

यावर कोणी म्हणेल, "घरात मुलांसच धान्य पुरत नसेल तर?" उत्तर सरळ आहे: मूल आधी. जितक्या कोंबड्या पोसवतील तितक्याच ठेवाव्यात. बाकीच्या थंडीपूर्वी विकाव्यात किंवा खाव्यात. यात आम्हांस दोष दिसत नाही. दोष आहे तो ठेवून घेऊन हेळसांड करण्यात. रानातील कोंबडी संध्याकाळी झाडावर चढून आपला आसरा आपण निवडते. आमची कोंबडी आम्ही डाल्याखाली कोंडतो. जिची निवड आम्ही काढून घेतली, तिच्या रात्रीचा भार आम्हांवर आला. हे देणे अंड्याच्या मोबदल्याचे नव्हे, ते कोंडण्यामुळे उत्पन्न झालेले आहे. म्हणून अंडे थांबले तरी ते थांबत नाही.

आणि ते फेडण्यास पैसा फारसा लागत नाही. कोरड्या थंडीपेक्षा ओल व विष्ठेचा उग्र वास कोंबडीस अधिक बाधतात. यास्तव खुराड्याच्या खालच्या फटी बुजवाव्यात, पण वर हवा जाण्यास वाट ठेवावी. तळाशी भाताचा तूस किंवा वाळका पाला घालून तो ओला होताच बदलावा. बसावयास आडवी काठी असावी, म्हणजे ती पिसांखाली पाय झाकून बसते. सायंकाळी मूठभर मका किंवा ज्वारी टाकावी. तिच्या पचनाने रात्री ऊब मिळते. बंद जागेत निखारे मात्र कधीही ठेवू नयेत. त्यांतून निघणारा विषारी वायू पाखरांस मारतो आणि माणसांसही.

काही देणे मात्र एकट्याने फिटत नाही. मानमोडीच्या लशीची एक कुपी पुष्कळ पाखरांची असते, आणि एकदा कालवली की काही तासांतच ती संपवावी लागते. चार कोंबड्यांच्या धन्यास ती कशी परवडावी? सर्व पाड्याने एकच दिवस ठरविला तरच ती कामी येते. शेजाऱ्याच्या खुराड्याशी आपला संबंध किती जवळचा आहे, हे २००६ च्या फेब्रुवारीत नवापुरास बर्ड फ्लू आला तेव्हा या जिल्ह्याने पाहिले आहे.

वाचकहो, आमच्या मनात आणखी एक गोष्ट राहिली. पिके निघाल्यावर डोंगरातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीस व गुजरातेत कामास जातात. मागे म्हातारी राहते, आणि तिच्या हवाली कोंबड्या. त्या ऋतूत दोघींपासूनही मिळकत नसते. कोंबडी व माता एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. एक विकता येते, दुसरीच्या ऋणाला अंत नाही. परंतु मनुष्याचे मन दोहोंकडे एकच असते. "देत नाही, तर का द्यावे?" हे वाक्य जो खुराड्यापाशी रोज घोकतो, त्याच्या तोंडी ते उद्या ओसरीवरही येईल.

त्या घरधन्याने दोन कोंबडे बाजारात नेण्याचे ठरविले व तीन कोंबड्या ठेवल्या. सायंकाळी त्याने त्यांजपुढे मका टाकला व खुराड्याची फट गोणपाटाने बुजविली. दिवस आता वाढू लागेल आणि पुढे अंडीही पुन्हा येतील. परंतु येणाऱ्या अंड्यावर नजर ठेवून दाणे टाकणे हा व्यापार होय. पौषातल्या रात्री, रिकाम्या खुड्यापुढे मूठ उघडणे, यासच आम्ही देणे फेडणे म्हणतो.