एका घरांत कान अनेक

मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं टेलिव्हिजनचें केंद्र सुरू झालें, त्या काळीं संच थोडे व पाहणारे पुष्कळ असत. ज्याच्या घरीं संच, त्याच्या घरीं शेजारीपाजारी जमत, आणि यजमान ठेवील तो आवाज सर्वांस मान्य असे. आतां घरोघरीं संच आला आणि आवाजाचा तंटा उंबरठ्याच्या आंत शिरला. म्हाताऱ्या सासऱ्यास बातम्या मोठ्यानें हव्या असतात. दहावीच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलास शांतता हवी असते. दिवसभर खुरपणी करून आलेल्या सुनेस दोन घटका डोळा लागावा असें वाटतें. खोली एक, संच एक, कान मात्र निरनिराळे. अशा वेळीं कोणीं कोणासाठीं माघार घ्यावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला तरी त्याचें मूळ खोल आहे.

ह्या प्रश्नास लोक बहुधा दोन उत्तरें देतात. कोणी म्हणतात, वडीलधाऱ्यांचा मान राखावा व त्यांना हवा तेवढा आवाज असूं द्यावा. दुसरे म्हणतात, एकास तीस हवा, दुसऱ्यास दहा, तर वीस ठेवावा म्हणजे न्याय झाला. पहिल्या उत्तरांत मान आहे पण विचार नाहीं. दुसऱ्यांत हिशेब आहे पण न्याय नाहीं. वीस ठेविला असतां वृद्धास शब्द कळत नाहींत आणि मुलाचा अभ्यासही होत नाहीं. दोघांचें नुकसान सारखें वांटून दिलें, इतकेंच.

न्याय करावयाचा तर अगोदर वस्तुस्थिति समजून घेतली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें साठ वर्षांवरील चौघांमागें एकाहून अधिक जणांस अडचण व्हावी इतकें कमी ऐकूं येतें. परंतु वयाबरोबर कान सर्वच आवाजांस सारखा मंद होत नाहीं. बहुधा उंच पट्टीचे बारीक आवाज प्रथम हरवतात. 'आ', 'ओ' हे स्वर जोरकस असल्यामुळें ऐकूं येतात; पण 'स', 'त', 'फ' ह्यांचा बारीक ध्वनि निसटतो, आणि 'ताप' म्हटलें कीं 'साप' हें उमगत नाहीं. 'बोलणें ऐकूं येतें पण कळत नाहीं,' ही वृद्धांची तक्रार म्हणून अगदीं खरी असते. आवाज वाढविला म्हणजे शब्दांबरोबर मागचें संगीतही वाढतें, व शब्द त्याखालीं पुन्हां दडपतात. शिवाय अशा कानास हळू आवाज ऐकूं येत नाहीं आणि थोडा मोठा झाला कीं सोसवत नाहीं, असेंही पुष्कळदां घडतें. घरचीं माणसें ह्यास हट्ट म्हणतात. तो हट्ट नव्हे, तें कानाचें दुखणें आहे.

ह्या दुखण्याची दुसरीही बाजू आहे. 'काय म्हणालास?' असें आजोबांनीं विचारिलें म्हणजे 'कांहीं नाहीं' असें उत्तर मिळतें. ह्या दोन शब्दांनीं रोज एक दार बंद होतें. हळूहळू घरांतील बोलणें त्यांच्यावांचून चालूं लागतें, आणि त्यांच्याशीं बोलण्यास न कंटाळणारा असा तो संच तेवढा उरतो. त्याचा आवाज जो कमी करील, त्यानें त्यांच्याशीं स्वतः समोर बसून बोलण्याचें कर्तव्यही पत्करिलें पाहिजे.

उलट, रिमोट ज्याच्या हातीं त्यानें ज्यांच्या हातीं तो नाहीं त्यांची आठवण ठेवावी. सून गप्प राहते ही तिची संमति नव्हे. पुष्कळदां तिला बोलण्याची सोयच नसते. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचीही तीच गत. सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण-नियमांत राहत्या वस्तीसाठीं दिवसा ५५ डेसिबल, व रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. रात्रीं माणसास अधिक शांतता पाहिजे, हें कायद्यासही कळतें.

मग निर्णय कसा करावा? आमचें म्हणणें असें कीं, सारखेपणा आवाजांत नको, काळजींत पाहिजे. ज्याची उणीव दुसऱ्या उपायानें भरून निघते, त्यानें तो उपाय स्वीकारावा; ज्याची निघत नाहीं, त्याला इतरांनीं जागा करून द्यावी. झोप दुसऱ्या कोणत्याही वस्तूनें भरून निघत नाहीं. ऐकणें मात्र पुष्कळ अंशीं निघतें. म्हणून उपाय स्वीकारणें हें वृद्धांचें काम, आणि त्याचा खर्च व खटाटोप हें तरुणांचें काम होय.

उपाय फार अवघड नाहींत. कानांत मळ साठला आहे काय, हें प्रथम डॉक्टरांकडून पाहून घ्यावें. आजोबांची खुर्ची संचाजवळ आणावी. त्यानें आवाज न वाढवितां शब्द स्पष्ट होतात. खडखडणारा पंखा दुरुस्त करावा. संचास जोडण्याचा हेडफोन घेतला म्हणजे आवाज ज्याच्या त्याच्या कानापुरता राहतो. मात्र तोही बेताचा ठेवावा. आणि ज्यांना श्रवणयंत्राची गरज आहे त्यांनीं तें लावावें. चष्मा लावण्यास कोणी लाजत नाहीं. मग यंत्र लावण्यास कां लाजावें? 'मला कांहीं झालेलें नाहीं' ह्या अभिमानाची किंमत घरांतील इतरांनीं आपल्या झोपेनें भरावी, हें वडीलपणास शोभत नाहीं.

तथापि हेडफोन देऊन म्हाताऱ्यास कोपऱ्यांत बसविलें व आपण मोकळे झालों, असें कोणी समजूं नये. दिवसांतून एक कार्यक्रम तरी सर्वांनीं मिळून पाहावा, आणि जो शब्द निसटेल तो जवळच्यानें सांगावा. वाचकहो, आज रात्रीं संच लावण्यापूर्वीं घरांतील जो सर्वांत कमी बोलतो त्याला विचारा, 'तुला हा आवाज कसा वाटतो?' त्याचें उत्तर येईपर्यंत थांबा, आणि मग आवाज ठरवा.