जे घडलेच नाही त्याचा निकाल

भाषांतराच्या हस्तलिखिताची तपासणी करण्यासाठी मला काही आठवडे चेन्नईच्या अण्णा नगरात राहावे लागले. दिवसभर हिब्रू क्रियापदांशी झुंजल्यावर सायंकाळी टॉवर पार्कमध्ये पाय मोकळे करावयास जाण्याचा माझा नेम होता. १९६८ च्या जागतिक व्यापार मेळ्याच्या निमित्ताने उभारलेला तेथील मनोरा बरीच वर्षे बंद राहून २०२३ मध्ये पुन्हा खुला झाला आहे. त्याच्या पायथ्याशी एका बाकावर निवृत्त मंडळींची बैठक रोज भरते. एका सायंकाळी तेथे असा प्रश्न निघाला: २०१२ साली डॉ. अब्दुल कलाम राष्ट्रपतिपदासाठी प्रणव मुखर्जींविरुद्ध उभे राहिले असते, तर काय झाले असते?

बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आकडेमोड मांडली. राष्ट्रपतीची निवड जनता प्रत्यक्ष करीत नाही. ती खासदार आणि आमदार करतात. आमदाराच्या मताचे मूल्य १९७१ च्या जनगणनेवरून ठरते. तमिळनाडूच्या आमदाराचे १७६, आपल्या महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५, उत्तर प्रदेशाच्या आमदाराचे २०८ आणि सिक्कीमच्या आमदाराचे अवघे ७. त्या वर्षी खासदाराच्या मताचे मूल्य ७०८ होते. पक्षवार बेरीज करून त्यांनी पेन खिशाला लावले आणि निकाल दिला: कलाम हरले असते. शेजारचे गृहस्थ उसळून म्हणाले, आमच्या रामेश्वरमच्या माणसाविरुद्ध मत देण्याची छाती कोणाची झाली असती? मग दोघांनीही महाराष्ट्रातून आलेल्या या पाहुण्याचे मत विचारले. मी कागदावरील बेरीज पाहिली आणि मोठ्या विश्वासाने म्हणालो, "हरले असते."

घरी परतताना माझे ते उत्तर मला बोचू लागले. वाचकहो, ते चुकीचे होते असे मी म्हणत नाही. ते चूक ठरण्याचा काही मार्गच नव्हता, हीच माझी अडचण होती.

साध्या भाकिताला काळ शिक्षा करतो. याच अण्णा नगरचे उदाहरण घ्या. १९८० च्या जानेवारीत लोकसभेची निवडणूक झाली. तमिळनाडूतील ३९ जागांपैकी एम. जी. रामचंद्रन यांच्या अण्णा द्रमुकला केवळ २ मिळाल्या. फेब्रुवारीत त्यांचे सरकार बरखास्त झाले. ते आकडे समोर ठेवून कोणीही सांगितले असते, की हा पक्ष आता संपला. मे महिन्यात विधानसभेची निवडणूक झाली आणि तेच रामचंद्रन बहुमताने परत आले. अण्णा नगरातून द्रमुकचे नेते एम. करुणानिधी उभे होते. ते निवडून आले खरे, पण डॉ. एच. व्ही. हंडे यांच्यावर त्यांची आघाडी होती अवघ्या ६९९ मतांची. जानेवारीत भाकीत करणाऱ्याला मे महिन्यात मान खाली घालावी लागली. परंतु 'उभे राहिले असते तर' या भाकिताला मतमोजणीचा दिवसच नसतो. बोलणारा मोकळा राहतो. ज्या बोलण्याचा हिशेब कधीच द्यावा लागणार नाही, ते आपण किती सैल जिभेने बोलतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे.

माणसांनी अशा 'जर-तर' प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या हाताने लिहून ठेवले, असा एक प्रसंग मात्र आपल्या राष्ट्रपतिपदाच्या इतिहासात आहे. १९६९ साली काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे होते, आणि पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी सदस्यांना सद्सद्विवेकबुद्धीनुसार मत देण्याचे आवाहन केले होते. तिसरे प्रमुख उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे ते देशमुख. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ इतके मतमूल्य मिळाले. विजयासाठी ४,१८,१६९ हवे होते. म्हणून मागे पडलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिका उघडून दुसरी पसंती मोजावी लागली. देशमुखांच्या मतदाराने आपल्या मतपत्रिकेवर आधीच नोंदवले होते, की माझा माणूस मागे पडला तर माझे मत अमुक एकाला. ही मोजणी झाल्यावर गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर. दोघांमध्ये अंतर राहिले सुमारे साडेचौदा हजारांचे. तरीही हे उत्तर अपुरेच आहे. देशमुख मुळात उभेच नसते, तर प्रचार निराळा झाला असता आणि माणसांची मनेही कदाचित निराळी वळली असती. पराभूत रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. १९६९ च्या ऑगस्टमध्ये कोणी असे म्हणाला असता, तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात आमच्या मेजावर १ शमुवेलचा तेविसावा अध्याय होता. दावीदाने कईला नगर पलिष्ट्यांच्या हातून सोडवले. शौल आपल्यावर चालून येणार, हे कळताच त्याने अब्याथाराच्या एफोदाद्वारे परमेश्वराला दोन प्रश्न विचारले. शौल येईल काय? आणि येथील लोक मला त्याच्या स्वाधीन करतील काय? दोन्ही उत्तरे होकारार्थी आली. दावीद आपली सुमारे सहाशे माणसे घेऊन निघून गेला. शौल आला नाही, आणि स्वाधीन करण्याचा प्रसंगही आला नाही. मूळ हिब्रूत या उत्तरांमध्ये 'जर' हा शब्द नाही; प्रत्येक ठिकाणी एकच लहानसे क्रियापद आहे. मराठीत नुसते 'येईल' असे लिहिले, तर देवाचे बोलणे खोटे ठरल्याचा वाचकाचा समज होईल. 'तू येथे राहिलास तर' असे जोडले, तर आपले शब्द देवाच्या मुखी घातल्यासारखे होतील. या एका शब्दावर आमची अख्खी सकाळ गेली.

ईश्वरविज्ञानात हा प्रश्न फार जुना आहे. लुईस दे मोलिना नावाच्या स्पॅनिश जेसुइट पंडिताने १५८८ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की स्वतंत्र माणसाने अमुक परिस्थितीत काय केले असते, हेही देव जाणतो. त्याला 'मध्यम ज्ञान' असे नाव पडले. डोमिनिकन पंडितांनी कडाडून विरोध केला. रोममध्ये दहा वर्षे वाद चालला, आणि १६०७ मध्ये पोपनी निर्णय न देता, एकमेकांना दोषी ठरवू नका, अशी ताकीद देऊन दोन्ही पक्षांना घरी पाठवले. टॉवर पार्कमधील बाकापेक्षा तेथे फारसे निराळे घडले नाही, असे म्हणण्याचा मोह होतो.

मला मात्र त्या वादापेक्षा कईलाच्या लोकांची गोष्ट अधिक अस्वस्थ करते. त्यांनी दावीदाला कधीच धरून दिले नाही. तरी त्यांच्या नावाला तो डाग कायमचा चिकटला. देव अंतःकरणे जाणतो, म्हणून त्याच्या मुखी ते ज्ञान होते. तेच वाक्य मी माझ्या शेजाऱ्याविषयी बोललो, तर त्याला काय म्हणावे? 'कलाम हरले असते' हे वाक्य निरुपद्रवी वाटते. पण त्याच्या पोटात शेकडो खासदार-आमदारांविषयीचा एक निवाडा दडलेला आहे. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही आणि मतदान गुप्त असते. तरीही ही सर्व माणसे विवेक गुंडाळून ठेवून पक्षाच्या नेत्याकडेच पाहिली असती, असे मी ठरवून टाकले होते. कदाचित तसेच झाले असते. पण त्यांच्यापुढे ती कसोटी आलीच नाही, आणि मी त्यांना तिच्यात अनुत्तीर्ण करून मोकळा झालो.

मग पुढचा विचार करूच नये काय? तसे म्हणता येणार नाही. दहा हजार सैन्य घेऊन वीस हजारांशी लढता येईल की नाही, याचा आधी बसून विचार करणाऱ्या राजाचा दाखला खुद्द प्रभू येशूने दिला आहे. पण तो राजा स्वतःच्या युद्धाचा हिशेब करतो. पराभव झाला तर किंमत त्यालाच मोजावी लागणार असते. दावीदानेही आपल्या सहाशे माणसांच्या जिवासाठी विचारले, कईलाच्या वेशीवर उभे राहून त्या लोकांची नालस्ती केली नाही.

या दृष्टीने पाहता मला कलामांविषयीचे माझे एक जुने मत बदलावे लागले. २००७ च्या जूनमध्ये तिसऱ्या आघाडीच्या नेत्यांनी त्यांना दुसऱ्यांदा उभे राहण्याचा आग्रह केला. जयललिता त्यांत पुढे होत्या. विजयाची निश्चिती असेल तर विचार करीन, असा कलामांच्या उत्तराचा आशय होता, आणि काही दिवसांतच त्यांनी नकार कळवला. निश्चिती मागणाऱ्याने मैदानाकडे फिरकूच नये, असे मी तेव्हा चारचौघांत बोललो होतो. आज वाटते, की पदावर असलेल्या राष्ट्रपतीने त्या पदाची ओढाताण टाळावी यात भित्रेपणा नव्हता, आणि हिशेब करण्याचा अधिकार त्यांचाच होता. त्या निवडणुकीत प्रतिभाताई पाटील यांनी भैरोसिंह शेखावत यांच्यावर ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ असा विजय मिळवला. शेखावत राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या पाठिंब्याने उभे होते. त्याच आघाडीत असूनही शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना मते दिली. पक्षवार बेरजेत असा रकाना नसतो.

२०१२ साली कलामांनी पुन्हा नकार दिला. मेघालयाचे पी. ए. संगमा मात्र उभे राहिले. ते आपल्यातील, ख्रिस्ती. आकडे त्यांनाही वाचता येत होते. प्रणव मुखर्जींना ७,१३,७६३ आणि संगमांना ३,१५,९८७ मतमूल्य मिळाले. त्यापूर्वी २००२ मध्ये आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल खुद्द कलामांविरुद्ध उभ्या राहिल्या आणि ९,२२,८८४ विरुद्ध १,०७,३६६ अशा हरल्या. हे पराभव मोठे होते, पण ते मोजलेले आहेत. संगमांच्या पाठीशी नेमके किती जण होते, याविषयी कोणाला तर्क करावा लागत नाही.

आता जी गोष्ट सांगावयाची टाळत आलो, ती सांगतो. वीसएक वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका शिक्षिकेने मंडळीच्या एका समितीची निवडणूक लढवावी, असे काही तरुणांना वाटत होते. त्या जागेवर तोपर्यंत स्त्री बसली नव्हती. बाई माझ्याकडे आल्या. मी त्यांना बसवले, कागद घेतला आणि मतदारांच्या नावांपुढे खुणा केल्या: हे देणार नाहीत, हे तर मुळीच नाहीत, हे ऐन वेळी कच खातील. शेवटी आकडा दाखवून म्हणालो, "बाई, तुम्ही पडाल. उगाच मनाला लावून घ्याल." बाईंनी चहा संपवला, आभार मानले आणि अर्ज भरला नाही. आपण त्यांना दुःखातून वाचवले, असे मला कित्येक वर्षे वाटत होते.

पुढे त्या यादीतील एक वृद्ध गृहस्थ मृत्युशय्येवर असताना मी त्यांच्यासाठी प्रार्थना करावयास गेलो. बोलता बोलता ते म्हणाले, "त्या वर्षी बाई का नाही हो उभ्या राहिल्या? मी वाट पाहत होतो." त्यांच्या नावापुढे मी 'मुळीच नाहीत' अशी खूण केली होती. त्यांचे एक मत मिळाल्याने बाई निवडून आल्या असत्या, असे काही सिद्ध होत नाही. माझा कागद बरोबरही असेल.

अण्णा नगरहून परतल्यावर मी बाईंना भेटलो. त्या आता निवृत्त आहेत. गुडघ्यांमुळे फारशा बाहेर पडत नाहीत. माझी क्षमायाचना त्यांनी ऐकून घेतली आणि हसून म्हणाल्या, "सर, मी निवडून येईन की नाही, हे विचारायला मी आलेच नव्हते. माझे सूचक म्हणून तुम्ही सही कराल का, एवढेच विचारायचे होते. तुम्ही कागद काढलात, मग राहूनच गेले."

चेन्नई सोडण्यापूर्वीच्या सायंकाळी मी त्या बाकावर पुन्हा गेलो होतो आणि माझे उत्तर मागे घेत असल्याचे सांगितले होते. बँकवाले गृहस्थ क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. "म्हणजे कलाम जिंकले असते असे म्हणता?" मी म्हटले, "नाही, तेही नाही." ते समजूतदारपणे हसले, वर्तमानपत्राची घडी उलटी केली आणि पेन काढून विचारले, "बरे, २०२७ चे काय?"