बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी

शास्त्रपाठ : २ शमुवेल २३:१३-३९



दर वर्षी १६ डिसेंबरला आपला देश विजय दिवस पाळतो. १९७१ साली याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. सुमारे ९३ हजार युद्धकैदी झाले व बांगलादेश मुक्त झाला. बेळगाव हे ज्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र, तिची पहिली पलटण त्या युद्धात जमालपूरला लढली. अशा पलटणींतले जवान बहुतेक खेड्यापाड्यांतले. विजयाची बातमी रेडिओवरून साऱ्या देशाने एकदम ऐकली. मरणाची बातमी मात्र एकेका गावात, एकेका उंबऱ्यावर वेगळी पोहोचली.

सातारा जिल्ह्यातील आपशिंगे गावाला लोक 'आपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) या एका गावचे ४६ जवान कामी आले. तेथे त्यांचे स्मारक आहे. राज्य परक्यांचे होते, विजयही त्यांचाच होता. पण रिकामे झालेले अंथरूण आपल्याच माणसांच्या घरात होते.

आता आपला शास्त्रपाठ पाहू. कापणीचे दिवस होते. दावीद अदुल्लामच्या गुहेत होता आणि त्याच्या गावात, बेथलेहेमात, पलिष्ट्यांचे ठाणे बसले होते. वेशीजवळच्या विहिरीचे पाणी कोणी पाजील काय, असे तो सहज बोलून गेला. तिघे वीर शत्रूची छावणी फोडून ते पाणी घेऊन आले. दाविदाने ते प्याले नाही. परमेश्वरापुढे ओतले. त्या भांड्यात त्याला पाणी दिसेना, त्या माणसांचे रक्त दिसले.

लक्षात घ्या, ते तिघे जिवंत परतले होते. तरीही दाविदाच्या घशाखाली ते पाणी उतरले नाही. मग जे परतलेच नाहीत, त्यांनी आणून दिलेले पाणी आपण कसे पितो? रात्रीची झोप, उघडे रस्ते, रविवारची निर्भय उपासना हे ते पाणी आहे. त्यावर फुशारकी मारू नये. ते देवापुढे ठेवावे.

याच अध्यायाच्या शेवटी दाविदाच्या वीरांची यादी आहे. सर्व मिळून सदतीस. शेवटचे नाव कोणाचे? उरीया हित्ती याचे. ज्याला दाविदाने लढाईच्या तोंडी देऊन मारविले, तोच हा. पवित्र शास्त्राने राजाची लाज राखण्यासाठी ते नाव गाळले नाही. खरे स्मरण असे असते. त्यात गौरव आहे आणि आपल्याकडचे देणेही आहे. हार घालून आपण परत येतो, पण त्या जवानाच्या विधवेची चौकशी वर्षभर कोण करतो?

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, मुलांना आपल्या गावातील वा मंडळीतील कामी आलेल्या जवानांची नावे शोधून आणायला सांगा. विजय दिवसाच्या जवळच्या रविवारी ती मोठ्याने वाचा. मग मुलांना घेऊन त्यांपैकी एका घरी जा. भाषण करू नका, बसून ऐका. आणि पलीकडच्या बाजूला मेलेल्यालाही आई होती, हे मुलांना सांगायला विसरू नका.

विजय दिवसानंतर नऊ दिवसांनी नाताळ येतो. त्याच बेथलेहेमात दाविदाचा पुत्र जन्मला. त्याने पाणी नव्हे, आपला प्राण ओतला. आणि तो शत्रूंसाठीही ओतला.

प्रार्थना : हे प्रभो, ज्यांची नावे आम्ही विसरलो ती तुला ठाऊक आहेत. त्यांच्या घरांचे सांत्वन कर, आणि त्या घरांचा रस्ता आम्हांला दाखव. आमेन.